क्विक चेंज टूल पोस्ट मागवण्याआधी लेथवरचं हे एक माप घ्या

लहान लेथ चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"भाऊ, मना लेथ सहा फुटी शे. त्याले कोनतं टूल पोस्ट बसी?"

आम्ही जळगावला लेथची टूल पोस्टं विकतो आणि बसवून देतो. टूल पोस्ट म्हणजे लेथवर कापणारं टूल धरणारा ठोकळा; क्विक चेंज प्रकारात टूल होल्डरसकट झटकन बदलता येतं. धुळे, पारोळा, अमळनेरकडून आम्हाला येणारे बरेचसे फोन असेच सुरू होतात. रावेर-यावलकडची बोली वेगळी, पण माप तेच सांगतात: बेड किती फुटांचा. बाजारात लेथ फुटांवरच विकला जातो, त्यामुळे लोकांच्या तोंडी ते माप असणं साहजिक आहे. पण बेडची लांबी फक्त एवढंच सांगते की दोन सेंटरांमध्ये किती लांब शाफ्ट बसेल. टूल पोस्ट निवडायला तिचा काही उपयोग नाही.

थोडे जाणकार असतात ते सेंटरची उंची सांगतात, म्हणजे बेडपासून सेंटरपर्यंत इतके इंच. ते जरा बरं, पण तेवढ्यावरही भागत नाही. बेड आणि टूल पोस्ट यांच्यामध्ये सॅडल आहे, क्रॉस स्लाइड आहे, कंपाउंड आहे (त्याचा वरचा सरकता भाग म्हणजे टॉप स्लाइड, टूल पोस्ट त्यावर बसतं). या तिन्हींची जाडी प्रत्येक कारखान्याची वेगळी. बटाल्याचा लेथ, राजकोटचा लेथ आणि एखादा जुना विलायती लेथ, तिघांच्या सेंटरची उंची सारखी असली तरी टॉप स्लाइडच्या वर उरणारी जागा तिघांची तीन तऱ्हांची असू शकते.

आम्हाला हवं असतं ते माप असं: टॉप स्लाइडच्या वरच्या पृष्ठभागापासून सेंटरच्या रेषेपर्यंतची (जॉब जिच्याभोवती फिरतो ती रेषा) उभी उंची. हे माप न घेता मागवलेलं टूल पोस्ट परत येतं. तुमचे दिवस जातात, आमचेही जातात, आणि मध्ये ट्रान्सपोर्टचा खर्च फुकट होतो. म्हणून हे पत्रक.

माप घ्यायची पद्धत. जुना चौकोनी टूल पोस्ट काढून घ्या. टॉप स्लाइड केरोसीनने स्वच्छ पुसा, स्टडच्या (पोस्ट आवळायच्या उभ्या बोल्टच्या) भोवती उठलेली कड असेल तर ऑइल स्टोनने घासून काढा. आता चकमध्ये एक गोल तुकडा धरून त्यावर हलका कट मारा म्हणजे तो चकच्या मध्यात खरा फिरेल. त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा. समजा २० मिमी आला. मशीन बंद करा, टॉप स्लाइड त्या तुकड्याखाली आणा आणि स्लाइडपासून तुकड्याच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. व्हर्नियर शिरत नसेल तर ड्रिलच्या दांड्या एकेक करून सरकवून बघा, जी नेमकी अडकून जाते तिचा व्यास म्हणजे ते अंतर. त्यात तुकड्याचा अर्धा व्यास, म्हणजे इथे १० मिमी, मिळवा. अंतर १८ आलं तर तुमची उंची २८ मिमी.

टेलस्टॉकमधल्या सेंटरच्या टोकावरूनही बरेच जण मोजतात. घाईच्या वेळी चालतं, पण जुन्या लेथचा टेलस्टॉक तळाला झिजून खाली बसलेला असतो. टूलला काम करायचं असतं ते हेडस्टॉकच्या सेंटरवर, म्हणून माप चककडूनच घ्या.

आता त्या २८ मिमीचं करायचं काय ते बघा. क्विक चेंज टूल पोस्टमध्ये टूल होल्डरच्या खाचेत बसतं, आणि टूलच्या खाली होल्डरचा तळ असतो. समजा तळाची जाडी १० मिमी आहे. होल्डर अगदी खाली, टॉप स्लाइडला टेकेल इतका उतरवला आणि त्यात १२ मिमीचं टूल धरलं, तर टूलची धार २२ मिमीवर येते. सेंटर २८ वर. नट फिरवून होल्डर ६ मिमी वर घेतला की झालं. १६ मिमीचं टूल धरलं तर धार २६ वर, २ मिमी वर घ्यायला जागा आहे, उत्तम. २० मिमीचं टूल धरलं की धार ३० वर जाते. म्हणजे होल्डर पार खाली बसवूनसुद्धा टूल सेंटरच्या २ मिमी वर. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. वर उचलायला पॅकिंग देता येतं, खाली उतरवायला काय देणार? मग लोक टूलचा दांडा ग्राइंडरवर घासतात, नाही तर होल्डरचा तळ मिलिंग करून पातळ करतात आणि पहिल्याच जोराच्या कटला होल्डर तिथून वाकतो. काही जण तर टॉप स्लाइडच तासून घ्यायला निघतात. चांगल्या मशीनचं बीड (ओतीव लोखंड) तासू नका, टूल पोस्ट लहान घ्या.

उलटी अडचण, म्हणजे उंची जास्त आणि पोस्ट लहान, ही सोपी आहे. पोस्टच्या खाली सपाट ग्राइंड केलेली एक प्लेट दिली की काम होतं.

"मोठं घेतलं म्हणजे मजबूत" हा समज आम्हाला रोज ऐकायला मिळतो. लहान लेथवर मोठं पोस्ट बसवलं की तीन गोष्टी होतात. टूल सेंटरच्या वर राहतं, हे वर सांगितलंच. दुसरं, होल्डरमुळे टूल पोस्टच्या मध्यापासून आणखी पुढे जातं, त्यामुळे मोठ्या व्यासाचा जॉब धरला की क्रॉस स्लाइड मागे घ्यायला जागा कमी पडते. तिसरं, पोस्टचा कोपरा किंवा हँडल चकच्या जबड्याला लागतं. लेथची ताकद कंपाउंडच्या गिबमध्ये (स्लाइडचा ढिलेपणा घालवणाऱ्या पट्टीत) आणि स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये असते. गिब ढिला असेल तर टूल पोस्ट कितीही जाड असो, जॉबवर चॅटर (थरथरीच्या खुणा) येणारच.

साधारण अंदाज द्यायचा तर, टेबलावरच्या मिनी लेथपासून ८ इंच स्विंगपर्यंत (स्विंग म्हणजे बेडवर फिरू शकणाऱ्या जॉबचा मोठ्यात मोठा व्यास) सगळ्यात लहान माप घ्यावं. १२ इंच स्विंगपर्यंतच्या लेथला १०० सिरीज (सिरीज म्हणजे पोस्टच्या मापाचा क्रमांक) बसते, १० ते १५ इंचांना २०० सिरीज. या दोन रांगा मध्ये एकमेकींवर चढतात, आणि नेमकं तिथेच घेतलेलं माप निकाल लावतं. टी-३७ नावाचे डिक्सन पद्धतीचे सेटही आपल्याकडे सहज मिळतात, ते मुळात मायफोर्डसारख्या छोट्या विलायती लेथच्या मापाचे. मल्टीफिक्स पद्धतीचं पोस्ट महाग पडतं, पण त्याला ४० दाते असतात, होल्डर ९-९ अंशांनी फिरवून बसतो. ज्यांच्याकडे रोज वेगवेगळ्या कोनांची कामं आहेत त्यांनी जरूर विचार करावा. इतरांनी ते पैसे जास्तीच्या होल्डरांवर घालावेत असं आमचं मत आहे.

वेज की पिस्टन, हेही विचारतात. पिस्टनचं पोस्ट होल्डरला आतून बाहेर ढकलून आवळतं, वेजचं पोस्ट होल्डरला आपल्याकडे ओढून घेतं. टर्निंग, फेसिंग, बोअरिंग एवढंच असेल तर पिस्टनवर छान काम होतं आणि पैसेही वाचतात. शाफ्टला पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) रोजचं असेल तर वेज घ्या.

बसवताना नुकसान होतं ते बोल्टपाशी. सेटसोबत एक टी-नटचा कोरा तुकडा येतो. ज्या लेथच्या टॉप स्लाइडला टी-स्लॉट (उलट्या टी आकाराची खाच) आहे त्यांच्यासाठी तो असतो, तुमच्या स्लॉटच्या मापाने तासून घ्यायचा. तासताना दोन गोष्टी बघा. टी-नटचा वरचा भाग टॉप स्लाइडच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा ते एक मिमी खालीच राहिला पाहिजे. वर आला तर पोस्ट स्लाइडवर न बसता नटवर बसतं आणि डुलतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टड टी-नटच्या आरपार जाऊ देऊ नका. खालून बाहेर आलेला स्टड आवळताना स्लॉटच्या तळाला जॅकसारखा टेकतो, टी-नटला वर उचलतो आणि स्लॉटचा ओठ तोडतो. ओठ तुटलेल्या टॉप स्लाइड आमच्याकडे दुरुस्तीला येतात, बिडाला वेल्डिंग मारून ती पहिल्यासारखी कधीच होत नाही. म्हणून आम्ही टी-नटमधले खालचे एक-दोन आटे अर्धवट सोडतो, स्टड तिथेच अडतो.

आपल्याकडच्या पुष्कळ लेथना टी-स्लॉट नसतो, टॉप स्लाइडच्या मधोमध स्टडच बसवलेला असतो. अशा वेळी पोस्टचं भोक मोठं आणि स्टड बारीक अशी गत होते. मध्ये बुश द्या. बुश पोस्टच्या उंचीपेक्षा एक मिमी आखूड ठेवा, नाही तर वरचा नट पोस्टला न आवळता बुशलाच आवळेल. जुन्या चौकोनी टूल पोस्टची स्प्रिंगवाली इंडेक्स पिन टॉप स्लाइडमधून डोकं वर काढून असते, तीही काढून टाका. काही मशीनवर स्टडच्या भोवती उंचवटा असतो. त्यावर पोस्ट बसवायला खाचेची प्लेट करावी लागते, आणि ती प्लेट १० मिमीची असली तर तुमच्या २८ पैकी १० मिमी तिथेच गेले. म्हणून उंची कळवताना असा उंचवटा आहे का तेही कळवा.

बसवल्यावर मार्किंग ब्लूचा पातळ हात मारून पोस्ट ठेवून उचला. चारही बाजूंना निळं लागलं पाहिजे. फक्त मध्ये किंवा एका कोपऱ्यात लागलं तर खाली काहीतरी आहे.

सेंटरला लावण्यासाठी चकमधल्या गोल जॉबला पातळ स्टीलची पट्टी उभी लावा आणि टूलची धार हलकेच तिच्यावर टेकवा. मशीन बंदच असू द्या, आणि कार्बाइडची टिप असेल तर जोर देऊ नका, कड उडते. पट्टी सरळ उभी राहिली की टूल सेंटरवर. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. त्यानंतर फेसिंगचा एक कट मारून जॉबच्या मध्यावर टोक उरतं का ते पाहा आणि मगच होल्डरचा लॉक नट आवळा. चौकोनी टूल पोस्टखाली हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे आणि पत्रे घालून रोज जो वेळ जायचा, तो इथे एकदाच जातो. एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) टूलला वरच्या बाजूने धार लावली तर मात्र उंची पुन्हा बघावी लागते.

टूल होल्डरच्या बाहेर कमीत कमी काढा, दांड्याच्या उंचीइतकं, फार तर दीडपट. होल्डर बदलताना डव्हटेल (पोस्ट आणि होल्डर एकमेकांत बसतात ती तिरकी खाच) पुसा. बिडाचा चुरा तिथे अडकला की होल्डर जागेवर परत बसत नाही आणि माप सुटतं. हँडलला पाइप घालून आवळू नका.

आमच्या पद्धतीबद्दल थोडं. टॉप स्लाइडची उंची, स्टडचा व्यास किंवा टी-स्लॉटची मापं, आणि तुमच्याकडच्या टूलच्या दांड्याचं माप, हे आल्याशिवाय आम्ही टूल पोस्ट पाठवत नाही. काहींना हा त्रास वाटतो. मोबाइलवर मागवलं तर कोणी काही विचारत नाही, असंही सांगतात. खरं आहे. पण तिथून आलेलं पोस्ट बसलं नाही की तेच पोस्ट घेऊन लोक आमच्याकडे येतात, आणि मग प्लेट, बुश, स्टड असं एकेक करत दुप्पट काम निघतं. टी-नट आणि बुशचे पैसे आम्ही वेगळे लावतो, कारण ते तुमच्याच मशीनच्या मापाने बनतात, दुसऱ्याच्या मशीनला ते बसत नाहीत. बसवून बघितलेलं पण न तासलेलं, भोक न वाढवलेलं पोस्ट आम्ही बदलून देतो. तासलेलं परत घेत नाही.

कोणी एकाच प्रकारचे जॉब एकाच इन्सर्ट टूलवर दिवसभर काढत असेल, तर त्याला आम्ही स्पष्ट सांगतो: तुमचा चौकोनी टूल पोस्ट ठेवा, तो जास्त घट्ट धरतो. हे साधन त्याच्यासाठी आहे जो सकाळी सबमर्सिबलचा शाफ्ट, दुपारी ट्रॅक्टरची पिन आणि संध्याकाळी बुश बोअर करतो. त्याने सुरुवातीलाच चार-पाच होल्डर घ्यावेत: टर्निंगला एक, फेसिंगला एक, बोअरिंग बारला एक, पार्टिंगला एक, जमलं तर थ्रेडिंगला एक. दोनच होल्डर घेऊन त्यातली टूलं बदलत बसलात तर सेंटर रोज नव्याने लावावं लागेल, मग पैसे घालून काय मिळालं? जादा होल्डर आमच्याकडे सुटे मिळतात, फक्त आधीच्या पोस्टची सिरीज सांगा.

मापं कशी घ्यायची हे वाचूनही शंका राहिली तर टॉप स्लाइड कंपाउंडसकट काढून जळगावला घेऊन या. त्यावरच टी-नट, बुश करून, पोस्ट बसवून देऊ. सोबत दोन गोष्टी हव्यात: लेथवर घेतलेलं ते उंचीचं माप आणि रोज वापरता ते एक टूल. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाली की तुमचा लेथ एक दिवसही रिकामा राहत नाही आणि आमच्याकडेही रांग लागते. पावसाळ्यात आलात तर सकाळी आणलेली स्लाइड बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत परत नेता येईल.