घडी घातलेली नोट

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचं तीन तासांचं काम होतं. मजुरी ठरलेली, ३६ युरो. काही जणांना काम सुरू होण्याआधी सांगितलं, ७ युरो जास्त देऊ. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास भेट दिला. जास्तीच्या पैशांनी काम जेमतेम ५ टक्क्यांनी वाढलं. थर्मासने २५ टक्क्यांनी! खरं तर निवडायला सांगितलं तेव्हा बहुतेकांनी पैसेच पसंत केले होते. मग आणखी एका गटाला पैसेच दिले, पण ५ युरोच्या नोटेला घड्या घालून तिचा इवलासा सदरा केला होता. तिथेही काम जवळपास थर्मासइतकंच वाढलं. म्हणजे परिणाम वस्तूचा नव्हता. आपल्यासाठी कुणीतरी वेळ काढला, हे त्या घडीतून कळत होतं.

कुबे, मारेशाल आणि पुपे या अर्थतज्ज्ञांचा हा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला माझे मामा आठवत राहिले. मामा २२ वर्षं एका पतसंस्थेची दैनिक ठेव गोळा करतात. रोज दुपारी चारला खांद्याला पिशवी आणि हातात यंत्र घेऊन बाजारात शिरायचं. भाजीवाल्या मावशी तागडीखालच्या डब्यातून ओलसर नोटा काढणार, मामा त्या मांडीवर सरळ करून मोजणार, पावती फाडून देणार. रात्री शाखेत भरणा. १० रुपयांचा फरक आला तरी शिल्लक जुळेपर्यंत कुणी उठत नाही. इतक्या वर्षांत संस्थेकडून त्यांना दोनच गोष्टी ऐकायला मिळाल्या: कमिशन किती झालं आणि टार्गेट किती राहिलं.

पतसंस्थेला मोठ्या बँकांसारखे पगार परवडत नाहीत, हे खरंच आहे. म्हणून तर पैशाशिवायच्या प्रोत्साहनाचं शास्त्र तिला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

झांबियाची राजधानी लुसाका इथला अनुभव पाहा. तिथल्या केशकर्तनालयांमधून महिलांसाठीचे निरोध विकायचे होते. काही विक्रेत्यांना किमतीच्या ९० टक्के कमिशन दिलं, काहींना १० टक्के. एका गटाला कमिशन नाही, फक्त दुकानात लावायला एक फलक, आणि दर विक्रीमागे त्यावर एक तारा. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तारेवाल्यांनी इतरांच्या जवळपास दुप्पट विक्री केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं की हे दुकान आपल्या वस्तीसाठी काहीतरी करतं आहे.

पतसंस्थेतल्या वसुली कारकुनाचं दुखणं नेमकं इथेच आहे. त्याच्या टेबलावर फक्त थकीत खाती आणि सहकार कायद्याच्या कलम १०१चे वसुली दाखले येतात. वेळेवर फिटलेलं कर्ज फाइल होऊन कपाटात जातं. त्या कर्जातून उभी राहिलेली पिठाची गिरणी त्याला कधी दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशाच कामावर प्रयोग केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या देणग्यांवर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. ज्यांनी विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचलं, त्यांच्यात विशेष फरक नव्हता. माणूस समोर यावा लागतो.

पण याचा अर्थ पगार रखडवून हातात प्रमाणपत्र द्यावं असा कुणी काढू नये. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून दाखवलं होतं की पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असली की माणूस नाराज होतो, आणि ती नाराजी शाबासकीने भरून निघत नाही. आधी वेळेवर पगार. तसंच बक्षीसही विचार करूनच द्यावं. अमेरिकेतल्या एका धुलाई कंपनीने आपल्या एका कारखान्यात बिनचूक हजेरीसाठी बक्षीस ठेवलं, तर आधीपासूनच वेळेवर येणाऱ्यांचा हुरूप खचला आणि तिथली उत्पादकता १.४ टक्क्यांनी घटली.

आपल्याकडे वार्षिक सभेत शाल-श्रीफळ पाहुण्यांना मिळतं आणि कर्मचारी खुर्च्या लावतात. मला हे फार खुपतं. त्याच सभेत कर्ज फेडलेल्या एखाद्या सभासदाला, ज्या कारकुनाने त्याचे कागद केले त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला सांगायला काय खर्च येतो?

गेल्या वर्षी त्या भाजीवाल्या मावशी शाखेत पेढे घेऊन आल्या. मुलगी नर्सिंग पास झाली होती, फी दैनिक ठेवीतून भरलेली. मामा फेरीवर होते. शाखाधिकाऱ्यांनी पेढा स्वतः खाल्ला नाही. मावशींना बसवून घेतलं, चहा मागवला आणि मामा येईपर्यंत थांबवलं. दुसऱ्या दिवशी मामा चारऐवजी साडेतीनलाच बाहेर पडले.