सामी मूल कोणाला म्हणायचं?

सामी म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी. स्वीडनमधल्या सामी शाळकरी मुलांच्या आरोग्याबद्दल गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच लिहिलं गेलं. त्यातला जवळपास प्रत्येक अभ्यास एकाच ठिकाणी अडखळतो. सरकारी नोंदीत कोण सामी, हे लिहिलेलंच नसतं. देशात सामी किती याचे अंदाज 20,000 पासून 40,000 पर्यंत जातात. जिथे मोठ्यांचाच आकडा असा दुपटीने हलतो, तिथे मुलांची टक्केवारी कशाच्या आधारावर काढणार?

हा गोंधळ आजचा नाही. त्याचं मूळ स्वीडनच्या 1913 च्या शाळा कायद्यात आहे.

शेजारच्या नॉर्वेत धोरण उघड होतं: सामींना नॉर्वेजियन करायचं. 1880 च्या आदेशाने शाळेतली सामी भाषा मागे पडली, 1898 च्या आदेशाने ती नावापुरती उरली, 1905 पासून निवासी शाळा आल्या. स्वीडनने वेगळीच वाट धरली. रेनडिअर पाळून डोंगर-जंगलांतून फिरणारा तोच खरा 'लॅप' (हा शब्द आज सामींना शिवीसारखा लागतो) आणि त्याने लॅपच राहावं, असा तिथला सरकारी विचार. मऊ बिछान्याची, गरम घराची सवय लागली तर पोरं कळपाकडे परतणार नाहीत, अशी अधिकाऱ्यांना आणि धर्मगुरूंना भीती. म्हणून कायद्याने भटक्यांच्या मुलांसाठी वेगळी 'नोमाड शाळा' काढली. लहान वर्गाचा शिक्षक उन्हाळ्यात कुटुंबांच्या तळाबरोबर फिरायचा आणि मोठी मुलं हिवाळ्यात एका ठिकाणच्या शाळेत राहायची. वर्ग भरायचा तो कोतात. कोता म्हणजे खांबांवर उभारलेली, मातीच्या ढेकळांनी किंवा भूर्जाच्या सालीने झाकलेली गोल झोपडी. मधे चूल, वर धूर जायला भोक, खाली भूर्जाच्या डहाळ्या आणि त्यावर रेनडिअरचं कातडं. त्यावरच बसून धडे गिरवायचे. ओल आणि धूर यांच्या तक्रारी पालक सुरुवातीपासून करत होते. 1918 साली ऑस्टरसुंडला देशभरातले सामी जमले, तेव्हाही या शाळेवर कडाडून टीका झाली. त्यांना शाळा नको नव्हती. इतर मुलांना मिळते तशीच, चांगल्या इमारतीतली शाळा त्यांना हवी होती. पक्क्या वसतिगृहांसाठी मात्र 1940 चं दशक उजाडावं लागलं.

कायद्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते, आणि माझ्या मते नुकसान तिनेच जास्त केलं. दोन सख्खे भाऊ धरा. एक कळपामागे फिरतो, दुसरा जनावरं विकून तळ्याकाठी शेती-मासेमारी करतो. पहिल्याची मुलं नोमाड शाळेत, दुसऱ्याची साध्या स्वीडिश शाळेत. सरकारच्या लेखी दुसऱ्याची मुलं सामी उरलीच नाहीत. भाषाही एका पिढीत गेली. पुढे 1928 च्या रेनडिअर कायद्याने हक्कांचीही अशीच वाटणी पक्की केली. आज कळप सांभाळणारे सामी एकूण सामींमध्ये थोडेच आहेत, तरी 'सामी मुलं' म्हटलं की डोळ्यांपुढे कळपच येतो.

दरम्यान मोजणी होत होती, पण भलतीच. उप्सालात 1922 साली वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली. तिची माणसं नोमाड शाळांत जाऊन मुलांची डोकी मोजत, फोटो काढत. मुलांना कुणी विचारलं नाही. एखाद्या घरच्या आजीला ती मोजपट्टी आठवत असेल, तर नातवाच्या शाळेतून आलेल्या प्रश्नावलीकडे ते घर संशयाने पाहणारच.

1977 साली संसदेने सामींना आदिवासी जमात म्हणून मान्यता दिली. 1993 साली सामी संसद सुरू झाली आणि तिच्या मतदारयादीने व्याख्या बदलली: स्वतःला सामी मानणं, शिवाय आपल्या, आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या घरात सामी बोलली गेलेली असणं, किंवा आईवडिलांपैकी कुणी यादीत असणं. रेनडिअरची अट गेली. यादीत नाव घालणं ऐच्छिक, आणि मतदानाचं वय 18, म्हणून शाळकरी मूल या यादीतही सापडत नाही. संशोधकांना मग पालकांची नावं, सामी शाळांचे पट, सामी भाषेचे तास अशा आडवाटांनी मुलं शोधावी लागतात. यात भाषा गमावलेल्या घरांतली मुलं सहज निसटतात.

स्वीडिश चर्चने 2021 साली उप्सालात सामींची जाहीर माफी मागितली. नॉर्वेत सत्यशोधन आयोगाचा अहवाल 2023 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी तिथल्या संसदेने माफी मागितली. त्यामुळे आज चर्चा आजी-आजोबांच्या जखमांची जास्त होते. मुलांचं चित्र इतकं सरळ नाही. नॉर्वेच्या उत्तरेतल्या अभ्यासांत सामी आणि इतर किशोरांच्या मानसिक आरोग्यात फार फरक आढळला नाही. भेदभाव सोसावा लागला तिथे मात्र त्रास वाढलेला दिसतो.

स्वीडनमध्ये जुन्या नोमाड शाळांच्या जागी आता पाच सामी शाळा आहेत. त्या सहावीपर्यंतच. सातवीला मूल गावातल्या सर्वसाधारण शाळेत जातं, जिथे वर्गात कदाचित ते एकटंच सामी असतं. युरोपभर वापरली जाणारी मुलांच्या जीवनमानाची प्रश्नावली 8 ते 18 वयासाठी आहे, आणि तिच्यात वय वाढेल तसे गुण उतरतात, हे बहुतेक देशांत दिसतं. तेरा वर्षांच्या सामी मुलीचे गुण घसरले, तर त्यात वयाचा वाटा किती आणि शाळा बदलल्याचा किती, हे त्या कागदावरून वेगळं काढता येत नाही.