तरंगमबाडी: एक रस्ता, दोन चर्च

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी म्हणून छोटंसं गाव आहे, डॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं ट्रँकेबार झालं. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून १६२० मध्ये त्यांनी इथं वखार घातली, डान्सबोर्ग किल्ला बांधला, आणि पुढं १७०१ ला स्वतःच्या लोकांसाठी झायन चर्च उभारलं. तिथली उपासना युरोपियनांची. किल्ल्याबाहेरच्या तमिळ माणसाचा तिच्याशी काही संबंध नव्हता, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

९ जुलै १७०६ ला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिष प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण जर्मन ल्युथरन (मार्टिन ल्युथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, इथं उतरले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं पाठवलेले, तरी डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना ते नकोच होते, व्यापारात अडचण होईल ही भीती. त्सीगेनबाल्ग काय करायचा तर तमिळ शाळेत लहान पोरांबरोबर जमिनीवर बसायचा आणि वाळूत बोटानं अक्षरं गिरवायचा! मला या अख्ख्या इतिहासात हेच चित्र सगळ्यात जास्त भावतं. १७०७ च्या मे महिन्यात पहिले पाच बाप्तिस्मे झाले, ते डॅनिश घरांमधल्या गुलामांचे, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी जेरुसलेम नावाचं छोटं चर्चही झालं. म्हणजे ही मंडळी, चर्चचा हा समुदाय, उभी राहिली ती ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा माणसांवर. किल्ल्याच्या कमांडंटनं पुढं त्सीगेनबाल्गला चार महिने कैदेत टाकलं, तरी बाहेर आल्यावर त्यानं काम तसंच चालू ठेवलं, तमिळ छापखाना सुरू झाला, बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून निघाला.

ते पहिलं चर्च फार टिकलं नाही. मग ११ ऑक्टोबर १७१८ ला न्यू जेरुसलेम चर्चचं समर्पण झालं, क्रुसाच्या आकाराचं, दर्शनी भिंतीवर मुकुट आणि राजाच्या नावाची अक्षरं, झायन चर्चपासून हाकेच्या अंतरावर, त्याच किंग्ज स्ट्रीटवर. चार-पाच महिन्यांत, फेब्रुवारी १७१९ ला त्सीगेनबाल्ग गेला, चाळिशीही गाठली नव्हती, आणि त्याला तिथंच वेदीजवळ पुरलं. १७३३ मध्ये कडलूरचा आरोन पाळक झाला, भारतीय ल्युथरन मंडळीतला पहिला.

पण सगळं गोड नव्हतं आणि ते लपवायचं कारणही नाही. चर्चमध्येही वेल्लाळ ही वरची जात आणि अस्पृश्य मानलेले परैयर वेगवेगळे बसायचे, प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) प्याल्यावरूनही वाद झाले. पाळकांनी कधी चालवून घेतलं, कधी विरोध केला. एकाच वेदीसमोर येणाऱ्या माणसांमध्ये असं अंतर ठेवणं ही चूकच होती, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्या मराठी वाचकांसाठी यात एक जवळचा धागा आहे. तंजावरला तोवर भोसल्यांचं राज्य आलेलं. १७५० मध्ये तरंगमबाडीला आलेला मिशनरी श्वार्ट्झ पुढं तंजावरला गेला आणि दुसऱ्या सरफोजी राजांचा पालक, गुरू झाला. त्याच्याच हाताखाली वेदनायगम शास्त्री शिकले, ज्यांनी तमिळमध्ये ख्रिस्ती कीर्तनं रचली, कर्नाटक रागांतली. म्हणून तमिळ ल्युथरन उपासनेत दोन प्रकारची गाणी ऐकू येतात, एक जर्मन चालींवर तमिळ शब्द बसवलेली, ज्यांच्यासाठी फाब्रिसियस या जर्मन मिशनरीनं फार मेहनत घेतली, आणि दुसरी रागातली कीर्तनं. माझ्या मते मंडळी तिथली झाली ती या गाण्यांमुळेच, कारण प्रवचन माणूस विसरतो पण चाल घरी नेतो, चूल पेटवतानाही गुणगुणतो. शास्त्री मात्र स्वतः चर्चमधल्या जातीच्या वेगळ्या जागांच्या बाजूनं भांडले, हेही सांगायलाच हवं.

१८४५ ला डॅनिशांनी तरंगमबाडी इंग्रजांना विकली, मिशनचं काम जर्मनीतल्या लाइप्झिगच्या मिशनकडं गेलं, आणि १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च स्थापन झालं. झायन चर्च आज चर्च ऑफ साउथ इंडिया या अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रित चर्चकडं आहे, न्यू जेरुसलेम मात्र ल्युथरनांकडंच. त्यांच्या बिशपांचं कार्यालय तिरुचिरापल्लीला, पण पदवी अजूनही 'तरंगमबाडीचे बिशप' अशीच लागते.