लंडनचे सफाई कामगार आणि निर्वाह वेतन: पार्श्वभूमी

सफाईचा ठेका देताना कामगाराच्या हातात तासाला किती पडणार, हे लंडनमधल्या अनेक स्थानिक परिषदा आज निविदेतच लिहून घेतात. १९८८ ते २००१ या काळात मात्र ही चौकशी करायला त्यांना कायद्यानेच मनाई होती.

त्याआधीची परंपरा उलट होती. १८८९ मध्ये लंडनच्या स्कूल बोर्डाने आणि नव्या काउंटी कौन्सिलने ठेकेदारांना रास्त मजुरीची अट घातली. १८९१ मध्ये संसदेने सरकारी ठेक्यांसाठी तसाच ठराव केला. तो नव्वद वर्षं टिकला आणि १९८३ मध्ये थॅचर सरकारने रद्द केला. मग १९८८ चा स्थानिक शासन कायदा आला. कचरा उचलणं, रस्ते झाडणं, इमारतींची सफाई या कामांसाठी निविदा सक्तीची झाली. वर कलम १७ ने सांगितलं की ठेकेदार कामगारांना काय देतो ही ‘व्यापारबाह्य’ बाब आहे, ती विचारात घ्यायची नाही.

मला या साऱ्या इतिहासाची कळ इथेच दिसते. सफाईत खर्च मुख्यतः माणसांचा. दर खाली आणायचा तर ठेकेदार पगार, रजा आणि तास यांनाच कात्री लावणार, आणि तसंच झालं. परिषदेकडून ठेकेदाराकडे गेलेल्या जुन्या कामगाराचा पगार एक, त्याच्या शेजारी तीच फरशी पुसणाऱ्या नव्या बाईचा त्याहून कमी. १९९९ मध्ये देशभर किमान वेतन लागू झालं, ताशी ३.६० पौंड. लंडनच्या घरभाड्यापुढे ते कुठे पुरणार?

२००१ मध्ये परिषदांवरची मनाई सैल झाली. त्याच वर्षी पूर्व लंडनमधल्या चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटनांच्या ‘टेल्को’ या आघाडीने निर्वाह वेतनाची, म्हणजे घर चालवायला पुरेल इतक्या पगाराची, मोहीम उघडली. (आपल्या राज्यघटनेच्या कलम ४३ मध्येही हाच शब्द आहे.) रुग्णालयांतले आणि कॅनरी वॉर्फच्या बँकांतले रात्रपाळीचे सफाई कामगार तिच्या केंद्रस्थानी होते. दोन-दोन नोकऱ्या करूनही घर चालत नव्हतं आणि मुलांची गाठ पडत नव्हती.

२००५ मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्या कार्यालयाने लंडनच्या निर्वाह वेतनाचा पहिला ऐच्छिक दर काढला. गरिबीच्या उंबरठ्यावर राहायला ताशी ५.८० पौंड, अडीअडचणीला वर १५ टक्के, म्हणजे ६.७०. तेव्हा किमान वेतन होतं ४.८५. विरोधी पक्षाच्या बोरिस जॉन्सन यांनीही २००८ मध्ये हा दर चालू ठेवला आणि ७.४५ केला. तरी भुयारी रेल्वेच्या सफाई कामगारांना त्याच वर्षी संपावर जावं लागलं.

परिषदांमध्ये इस्लिंग्टनचं पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०१० मध्ये तिने सफाईचं काम ठेकेदाराकडून परत घेतलं आणि कामगारांना लंडनचा निर्वाह दर दिला.

२०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने २५ वर्षं आणि त्यावरच्यांच्या किमान वेतनालाच ‘राष्ट्रीय निर्वाह वेतन’ हे नाव दिलं: ७.२० पौंड. लंडनचा ऐच्छिक दर तेव्हा ९.४० होता. म्हणून निविदेत दोन्हींपैकी कोणता दर लिहिलाय, हे सफाई कामगारांच्या संघटनांना नीट वाचून पाहावं लागतं.