लंडनमध्ये नाटकाचं लायसन्स कसं काढायचे? (१८४३ ते १९६८)

आधी पात्रता, कारण खरी गंमत तिथेच आहे: ज्याने नाटक लिहिलंय त्याला अर्जच करता यायचा नाही! अर्ज थिएटरच्या मॅनेजरने करायचा, लॉर्ड चेंबरलेनकडे. हा राजदरबारातला अधिकारी, १७३७ साली पंतप्रधान वॉलपोल स्टेजवरच्या टवाळीला वैतागला तेव्हा कायदा करून नाटकं तपासायचं काम याच्या गळ्यात घातलं, आणि १८४३ च्या कायद्याने तेच चालू ठेवलं.

कागदपत्रं म्हणाल तर संहितेची एक प्रत, प्रयोगाच्या निदान ७ दिवस आधी. फी जास्तीत जास्त २ गिनी (गिनी म्हणजे २१ शिलिंग), संहितेसोबतच भरायची. जुन्या नाटकात नवा सीन घातलात तर तोही पाठवायचा. मग लॉर्ड चेंबरलेनचा परीक्षक वाचणार, निळ्या पेन्सिलीने खुणा करणार, आणि तेवढं गाळलं तरच लायसन्स. अपील वगैरे भानगडच नाही.

काय चालायचं नाही? अश्लील, धर्माची टिंगल हे तर झालंच, पण हयात माणसाची बदनामी आणि परदेशी सरकारशी संबंध बिघडवणारं काहीही नको, म्हणून १९३० च्या दशकात हिटलरची खिल्लीसुद्धा कापली जायची. लायसन्स मिळालं म्हणून निवांत बसू नका, १८८५ पासून चालू असलेलं, जपानमध्ये घडणारं विनोदी संगीत नाटक 'द मिकाडो' १९०७ मध्ये जपानी राजपुत्र येणार म्हणून काही आठवडे बंद केलं होतं. (त्याच वर्षी आपल्याकडे 'कीचकवध' रंगभूमीवर आलं, पण इथे १८७६ चा वेगळा कायदा, त्यात १९१० ला सरळ बंदीच.)

आणि आयत्या वेळी पदरचे डायलॉग अजिबात टाकायचे नाहीत. १९५७ मध्ये थिएटर वर्कशॉप या लंडनच्या नाटकमंडळीच्या एका नटाने चर्चिलच्या आवाजात सार्वजनिक संडासाचं उद्घाटन केलं, ते मंजूर संहितेत नव्हतं, १९५८ मध्ये झाला दंड. पळवाट एकच, प्रायव्हेट क्लब काढून फक्त मेंबरांना दाखवायचं. १९६५ ला रॉयल कोर्ट या थिएटरने एडवर्ड बाँडच्या 'सेव्हड' नाटकासाठी तेच केलं तरी केस झाली आणि ते हरले.

२६ सप्टेंबर १९६८ ला हे सगळं बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी 'हेअर' हे नग्न दृश्य असलेलं अमेरिकन संगीत नाटक लागलं. संहितेची प्रत मात्र अजूनही द्यावी लागते, पहिल्या प्रयोगानंतर महिन्याभरात, ब्रिटिश लायब्ररीत, आणि ती फक्त जपून ठेवायला.