पडत्या काळाचं गणित

पोकरच्या टेबलावर दुर्री, सत्ती, नव्वी आणि गुलाम असे दोघांचे सामाईक पत्ते उघडे पडलेत. बदाम, किलवर, चौकट, इस्पिक असे एकेक. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याच्या हातात राजांची. दोघांचेही सगळे पैसे मध्ये गेलेत, पत्ते उताणे झालेत, आता फक्त शेवटचा पत्ता यायचाय. न दिसलेले पत्ते 44, त्यांत राजे दोन. त्यातला एक आला तरच समोरच्याचे तीन राजे होऊन तुमची जोडी हरणार, म्हणजे तुमची हरायची शक्यता जेमतेम साडेचार टक्के.

आणि नेमका राजाच येतो.

एकदा झालं तर त्याचा किस्सा होतो. आठवड्यात तिसऱ्यांदा झालं की शहाणासुरता माणूसही साडेसातीची भाषा बोलू लागतो, खुर्ची बदलतो, पत्ते वाटणाऱ्याकडे संशयानं बघतो. पोकर खेळणाऱ्यांत या पडत्या काळाला ‘डाउनस्विंग’ म्हणतात. तो येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो किती लांबू शकतो, याचा अंदाज मात्र जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो.

आपल्या मनातला योगायोग हा खऱ्या योगायोगापेक्षा फार नीटनेटका असतो. कुणाला सांगा, नाणं न उडवता शंभर वेळचे छापा-काटा मनानं लिहून काढ. तो छापा, काटा, काटा, छापा असं फिरवत राहील आणि सलग चार-पाच वेळा छापा लिहायची वेळ आली की त्याचा हात अडखळेल. खरं नाणं शंभरदा उडवलं, तर त्यात कुठेतरी सलग सहा किंवा जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे 80 टक्के असते.

आता एक पट्टीचा खेळाडू घेऊ. पोकरमध्ये कमाई मोजायचं माप म्हणजे ‘बिग ब्लाइंड’, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच एका खेळाडूला टाकावी लागणारी सक्तीची पैज. आपला गडी दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड जिंकतो असं धरू. हे कौशल्य चांगल्यापैकी आहे. पण त्याच 100 डावांतली चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, ती 100 बिग ब्लाइंडच्या आसपास जाते. पाचाची कमाई आणि शंभराचे हेलकावे! डाव वाढत जातात तशी कमाई सरळ पटीत वाढते, हेलकावे मात्र वर्गमुळाच्या हिशेबानं, म्हणजे सावकाश. म्हणून शेवटी कौशल्य वर येतं. पण केव्हा? 10,000 डावांनंतर सरासरी कमाई 500 आणि प्रमाण विचलन 1,000. म्हणजे इतकं खेळूनही हा खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता जवळपास 31 टक्के. एक लाख डावांनंतरही ती 6 टक्क्यांच्या घरात उरतेच. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 30 डाव होतात असं धरलं, तर 10,000 डाव म्हणजे 333 तास. इतके तास नीट खेळून रिकाम्या हातानं उठायचं, आणि त्यात चूक कुणाचीच नाही.

यापेक्षाही चक्रावणारी गोष्ट फ्रेंच गणितज्ञ पॉल लेव्ही यांनी 1939 साली सिद्ध केली. दोघे जण नाणं उडवत बसलेत. छापा पडला की एकाला एक गुण, काटा पडला की दुसऱ्याला. नाणं अगदी निर्दोष आहे, तेव्हा निम्मा वेळ हा पुढे आणि निम्मा वेळ तो, असंच आपल्याला वाटणार. प्रत्यक्षात निम्मा-निम्मा ही सर्वांत दुर्मीळ वाटणी आहे. एकच जण जवळजवळ सगळा वेळ पुढे राहणं कितीतरी जास्त वेळा घडतं. विल्यम फेलर या गणितज्ञांनी याचं उदाहरणच मांडलं होतं. दर सेकंदाला एकदा असं वर्षभर नाणं उडवलं, तर वीसातल्या एका खेपेला कमनशिबी गडी 365 दिवसांतून साडेतेरा तासही पुढे नसेल. यात कौशल्य नाही, लबाडी नाही, शनी-मंगळ तर नाहीतच.

मग ‘इतकं हरलो, आता दान माझ्या बाजूनं पडायलाच हवं’ हे कुठून येतं? मोठ्या संख्यांच्या नियमाचा आपण काढलेला हा चुकीचा अर्थ. पुष्कळ डाव खेळल्यावर सरासरी खऱ्या किमतीजवळ येते हे बरोबर. पण ती येते ती जुना तोटा भरून निघतो म्हणून नव्हे. पत्ते प्रत्येक डावाला नव्यानं पिसले जातात. मागचा हिशेब त्यांच्यापाशी नसतोच, मग भरपाई कोण करणार? 3,000 बिग ब्लाइंडचा फटका तिथेच राहतो. पुढच्या लाखो डावांत चमचाभर मीठ हंडाभर पाण्यात विरावं तसा तो फक्त पातळ होतो. पडता काळ सोसताना मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती हीच गोष्ट, जरी ऐकायला ती दिलासा देणारी नाही.

आता गणित कळूनही माणूस का बिथरतो ते बघू. बिथरून खेळण्याला पोकरमध्ये ‘टिल्ट’ म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आलाय: रागानं यंत्र हलवलं की ते टिल्ट दाखवतं आणि खेळच बंद पडतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एक साधा प्रश्न छापला होता. 3,000 चा खात्रीचा तोटा घ्याल, की 80 टक्के शक्यतेनं 4,000 गमवायची (आणि 20 टक्के शक्यतेनं काहीच न गमवायची) जोखीम? दुसऱ्या पर्यायाचा सरासरी तोटा 3,200, म्हणजे तो वाईटच. तरी 92 टक्के लोकांनी तोच उचलला. हाच प्रश्न नफ्याचा केला, तेव्हा 80 टक्क्यांनी खात्रीचे 3,000 पत्करले. म्हणजे खड्ड्यात असलेला माणूस जोखमीकडे आपण होऊन ओढला जातो. रात्री दोन वाजता दुप्पट पैशांच्या टेबलावर जाऊन बसणारा खेळाडू वेडा नसतो. तो त्या 92 टक्क्यांतला असतो.

‘आज इतके गेले की उठायचं’ हा नियम म्हणूनच कामाचा. काटेकोर गणिती मित्र म्हणेल, उठून उद्या बसलास तरी पत्ते तेच, फरक काय? पत्त्यांना फरक नाहीच. फरक खेळणाऱ्या डोक्याला आहे.

दुसरा बचाव म्हणजे पुंजी. वर घेतलेल्याच खेळाडूचं दिवाळं निघण्याची शक्यता काढता येते. त्यानं खेळासाठी 1,000 बिग ब्लाइंड बाजूला ठेवले असतील तर ती सुमारे 37 टक्के. 2,000 असतील तर साडेतेरा. 4,000 असतील तर दोन टक्क्यांहूनही कमी. पुंजी दुप्पट केली की धोका निम्मा होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं घसरतो. बहुतेक ‘कमनशिबी’ खेळाडू मुळात आपल्या पुंजीला न पेलणाऱ्या टेबलावर बसलेले असतात, असं माझं मत.

तिसरी एक युक्ती. खटकलेला डाव जाणत्या मित्राला सांगा, पण शेवटचा पत्ता सांगू नका. कोण जिंकलं तेही नाही. फक्त इतकंच विचारा: इथवर पैसे लावणं बरोबर होतं का? करून बघा, भलतंच अवघड जातं. राजा कसा आला हे सांगायला जीभ नुसती वळवळत असते. शिवाय शेवट काढून घेतला की निम्मे किस्से कोसळतात आणि उघडं पडतं की पैसे चुकीच्याच वेळी गेले होते. राजा आला नसता तरी.

इथेच या सगळ्याची अडचणीची बाजू येते. पुंजीचा तो हिशेब मुळात जिंकणाऱ्या खेळाडूसाठीच खरा आहे. टेबल चालवणारा पैशांच्या ढिगातून आपला वाटा कापत असतो, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच असते. ज्याची सरासरीच उणे आहे, त्याची पुंजी कितीही असली तरी खेळत राहिला तर ती संपणारच. मोठ्या पुंजीनं मुदत तेवढी वाढते. आणि आपण यातले की त्यातले, हे निकालांवरून लवकर कळत नाही. एक लाख डावांनंतरही दर शंभर डावांमागच्या कमाईचा अंदाज तीनेक बिग ब्लाइंडनं सहज इकडे-तिकडे होतो. आठवड्याला 20 तास टेबलावर बसणाऱ्याला तेवढे डाव पुरे करायला तीन वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर समोर बसणारे खेळाडू तरी कुठे तेच राहिलेले असतात!