राखेत उरलेली सुई

यंदा होळीला यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी होतो. धुळवडीच्या सकाळी शेजारचं पोरगं पळसाच्या फुलांचं केशरी पाणी उडवत अंगणात आलं. हातात पिचकारी कसली, पाच मिलीची सिरिंज! सुई नव्हती, एवढं नशीब. कुठून आणलीस म्हणून विचारलं, तर म्हणे दवाखान्याच्या मागून.

तिथं जाऊन पाहिलं. काळी पडलेली जमीन, वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक आणि चार पावलांवर चरणाऱ्या बकऱ्या. काडीनं राख उकरली तर सुया निघाल्या. काळवंडलेल्या, पण टोक शाबूत. तिथं बसलेला माणूस शांतपणे म्हणाला, "जाळून टाकलं ना जी सारं. मंग काय राह्यते त्यात?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आगीत सगळं शुद्ध होतं, ही आपली जुनी समजूत. पण सुईचं पोलाद वितळायला सुमारे १४०० अंश सेल्सिअस लागतात आणि उकिरड्यावरची आग तिथवर जात नाही. सिरिंजचं प्लॅस्टिक मात्र १६० अंशांच्या आसपासच वितळतं, खाली ओघळतं आणि ढिगाचा तळ झाकून टाकतं. गोवऱ्यांच्या जाळात घाईनं भाजलेला रोडगा वरून करपतो नि आतून कच्चा निघतो, तसाच हा प्रकार. शिवाय सलाईनच्या काही नळ्यांमध्ये क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक असतं. ते अर्धवट जळलं की डायॉक्सिनसारखी विषं धुरात जातात.

वापरलेली सुई टोचली तर धोका किती? डॉक्टर मंडळी तिनाचा हिशेब सांगतात. रुग्णाला हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे येणारी यकृताची सूज, असेल आणि टोचलेल्या माणसानं लस घेतली नसेल, तर संसर्गाची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत. हिपॅटायटिस सी असेल तर साधारण ३. एचआयव्ही असेल तर ०.३. एचआयव्हीला सगळे घाबरतात, पण बी विषाणू त्याच्याहून कितीतरी चिवट. वाळलेल्या रक्तातसुद्धा तो ७ दिवस तग धरतो.

कावीळ कुठल्याही विषाणूनं झालेली असो, आपल्याकडे अजूनही माणसं माळ घालून घ्यायला जातात. माळ लांबत गेली की कावीळ उतरली म्हणे. त्या माळेत ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. काड्या वाळून आकसतात, फास सैल पडतात, माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवा, तरी लांबेल. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. बी आणि सी वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकू शकतात, त्यांना माळेशी देणंघेणं नाही.

मग सुईचं करायचं काय? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे: कुकर. दवाखान्याचा ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. जुन्या लोकांना आठवत असेल, कंपाउंडर काचेची सिरिंज स्टीलच्या डबीत घालून उकळायचा. पण उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं आणि धनुर्वाताच्या जंतूसारखे काही जंतू बीजाणू होऊन, म्हणजे जाड कवच पांघरून, ते सहन करू शकतात. वाफ कोंडून दाब चौरस इंचाला १५ पौंडांनी वाढवला की तापमान १२१ अंशांवर जातं. तिथं मात्र बीजाणूही टिकत नाहीत.

खरी मौज पुढेच आहे. कोरड्या भट्टीत हेच काम करायचं तर १६० ते १८० अंश लागतात. वाफेला १२१ मध्ये का भागतं? दोन कारणं. एक ग्रॅम वाफ थंड वस्तूवर बसून पाणी झाली की ५४० कॅलरी तिथंच सोडते. कुकरच्या वाफेनं हात भाजला की फोड का येतो, ते यात आलं. दुसरं, जंतूची प्रथिनं म्हणजे घडी घातलेले धागे. पाण्याचे रेणू त्या घडीत शिरून टाके उसवतात. अंड्याचा ओला पांढरा बलक उकळत्या पाण्यात लगेच घट्ट होतो. तोच आधी वाळवून ठेवला, तर त्याला घट्ट व्हायला कितीतरी जास्त उष्णता लागते.

आता शत्रू कोण? हवा! कुकरमधून वाफ जोरात यायला लागल्यावर शिट्टी लावावी म्हणतात ना, ते उगीच नाही. समजा आतली हवा पुरती निघालीच नाही. काटा १५ पौंड दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून आत एकूण दोन वातावरणांचा दाब. त्यातला अर्धा हवेचा असेल तर वाफेच्या वाट्याला एकच वातावरण आलं, आणि एका वातावरणाच्या वाफेचं तापमान १०० अंश. काटा खरं बोलतोय, पण जंतू जिवंत! सुईच्या पोटातलं भोक तर जेमतेम ०.३ मिलीमीटरचं. त्यात अडकलेली हवा सहजी हलत नाही. ब्लीचच्या पाण्यात सुई नुसती बुडवली तरी हाच घोळ, बुडबुडा द्रावणाला आत येऊ देत नाही. म्हणून चांगल्या यंत्रात आधी पंपानं हवा ओढून काढतात आणि चिवट बीजाणूंची पट्टी आत ठेवून ते मेले का, हे तपासतात.

नियमांचं थोडक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया आणि ब्लेड पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. रक्तानं माखलेला कापूस-पट्ट्यांसारखा कचरा ४८ तासांहून जास्त साठवून ठेवायचा नाही. सुईला परत टोपण घालायचं नाही, अनेकांचं बोट तिथंच सापडतं. आणि सिरिंज कापायची, कारण अख्खी राहिली तर ती धुऊन पुन्हा बाजारात येते. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमधून हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेक माणसं दगावली.

शेजारच्या तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी हे नीट होताना पाहिलं. लसीकरण चालू होतं. सिस्टर डोस देत आणि बाळाचं रडणं थांबायच्या आत हब कटरमध्ये सिरिंज घालून दांडा दाबत. कट्! सुई तिच्या प्लॅस्टिकच्या बुडासकट खाली, नळी लाल पिशवीत. कटर बूड कापतो, पोलाद नाही, त्यामुळे एका हातानं काम होतं. मागच्या अंगणात सिमेंटच्या कड्यांचा खड्डा, वर जड झाकण, झाकणातून वर आलेला लोखंडी पाइप. निर्जंतुक केलेल्या सुया त्यातून खाली सोडतात. हात आत जात नाही, बकरीचं तोंडही नाही. खड्डा भरला की कायमचा बंद.

आमच्या शेजारच्या पोराला मी बाजारातून नवी पिचकारी आणून दिली आणि सिरिंज मागितली. तो ती द्यायला तयार नव्हता. "हिची धार लय दूर जाते, काका."